एकरकमी म्हणजे एकदाच ना ओ?

२०२५ च्या दसऱ्याला नवीन गाडी आणली. सीएनजी. पेढे वाटून झाले, "पार्टी कधी" म्हणून सगळ्यांचं विचारून झालं, आणि आता दीड महिन्यानं निवांत बसून कोटेशनचा कागद परत बघितला तर डोकंच फिरलं, म्हणून हे लिहायला घेतलंय. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

तर झालं असं की १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी करणार म्हणून जाहीर झालं आणि गाड्यांची शोरूम ओस पडली. कोण घेणार गाडी, महिनाभर थांबलं की स्वस्त मिळणार म्हटल्यावर. आम्ही पण थांबलो. २२ सप्टेंबरला नवीन दर लागू झाले, छोट्या पेट्रोल-सीएनजी गाड्यांवर २८ टक्के जीएसटी आणि वर १ टक्का सेस असायचा तो थेट १८ वर आला. शोरूममधला पोरगा तर असा खूश होता की जणू त्यानंच कमी केलाय. "दादा, पासष्ट हजार वाचले बघा तुमचे, दसऱ्याची ऑफर वेगळी." आप्पा (म्हणजे माझे वडील, एसटीच्या वर्कशॉपमधनं रिटायर, गाडी घ्यायची तर बॉनेट उघडून बघितल्याशिवाय नाही) शेजारी बसलेले. त्यांनी चष्मा पुसला, कोटेशनवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे छप्पन हजार कशाचं?"

"आरटीओ, आप्पा. रोड टॅक्स."

"आन जीएसटी?"

"ते वरच्या किमतीतच आहे."

"म्हंजे टॅक्स धरून जी किंमत झाली तिच्यावर परत टॅक्स?"

पोरगं हसलं. काय बोलणार बिचारं.

आता हिशेब मांडतो, गाडी सोप्यासाठी ७ लाखाला धरा, एक्स शोरूम. त्यातली मूळ किंमत ५ लाख ९३ हजार आणि १८ टक्क्यांनी जीएसटी १ लाख ७ हजाराच्या आसपास. महाराष्ट्रात सीएनजी गाडीला दहा लाखापर्यंत रोड टॅक्स ८ टक्के, आणि तो लागतो या पूर्ण ७ लाखावर, म्हणजे ५६ हजार. त्यातले साडेआठ हजार रुपये हे आधी भरलेल्या जीएसटीवर परत राज्याला दिलेला कर आहे. मी कर भरला म्हणून मला कर. आप्पांचं बोट बरोबर जागेवर पडलं होतं.

पण खरी गंमत पुढं आहे. हा ८ टक्के म्हणजे १ जुलै २०२५ पासूनचा दर. त्याआधी ७ होता. १० मार्चला अजित पवारांनी राज्याचा अर्थसंकल्प मांडला त्यात सीएनजी, एलपीजी गाड्यांवर १ टक्का वाढवला, वर्षाला दीडशे कोटी जादा मिळतील म्हणून सांगितलं. आता बघा, हीच गाडी जुन्या २९ टक्क्यांनी ७ लाख ६५ हजाराला पडली असती आणि तिच्यावर ७ टक्के म्हणजे साडेत्रेपन्न हजार रोड टॅक्स झाला असता. आज गाडी पासष्ट हजारानं स्वस्त झाली तरी रोड टॅक्स छप्पन हजार, म्हणजे अडीच हजारानं जास्तच. एका हातानं दिलं दुसऱ्या हातानं काढून घेतलं असं पण म्हणता येत नाही, कारण देणारा हात दिल्लीचा आणि घेणारा मुंबईचा, आणि मधे उभा मी.

आणि सीएनजीच का ओ? हेच सरकार, म्हणजे पक्ष बदलतात पण खुर्ची तीच, एप्रिल २०२२ ला सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यावरनं ३ टक्के केला होता, लोकांनी सीएनजीकडं वळावं, प्रदूषण कमी व्हावं म्हणून. लोक वळले. आमच्यासारखे दिवसाला चाळीस पन्नास किलोमीटर फिरणारे सगळे वळले, डिकीत टाकी घेतली, बॅगा मांडीवर घेऊन प्रवास करायला लागलो. आणि पुरेसे वळल्यावर म्हटलं, आता लावा एक टक्का.

त्याच अर्थसंकल्पात तीस लाखाच्या वरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर लावायचा प्रस्ताव होता. तो महिना संपायच्या आत मुख्यमंत्र्यांनी मागं घेतला. मला इलेक्ट्रिकचं वावडं नाही, उद्या परवडली तर घेईन, पण तीस लाखाची गाडी घेणाऱ्याचा कर अधिवेशनातच माफ होतो आणि सात लाखवाल्याचा वाढलेला टक्का तसाच राहतो हे बघून जरा पोटात ढवळतंच. अजून एक सांगतो, हे फार कमी लोकांना माहीत असतं. महाराष्ट्रात रोड टॅक्सला वरची मर्यादा आहे. आधी २० लाख होती, २०२५ ला ३० लाख केली आणि बातम्या आल्या की श्रीमंतांच्या गाड्या महागल्या. महागल्या, बरोबर आहे. पण दहा कोटीची गाडी घेणारा तीस लाख भरतो म्हणजे किती झाले? ३ टक्के. मी ८ टक्के. माझ्या पोरीला शाळेत शेकडेवारी शिकवतायत सध्या, तिला हे उदाहरण दिलं तर म्हणाली, "पप्पा, उलटं लिहिलंय तुम्ही."

बरं, आपणच तेवढे लुबाडले जातोय असं पण नाही. इथनं, म्हणजे कोल्हापुरातनं, चाळीस किलोमीटरवर निपाणी, तिकडं कर्नाटकात गाडीवरचा रोड टॅक्स आपल्यापेक्षा जास्तच आहे. आमच्याकडचे काही हुशार लोक मधली काही वर्षं पेट्रोल भरायला मात्र तिकडं जायचे, तेव्हा लिटरमागं चांगला फरक होता, टाकी फुल करून येताना कॅन पण भरून आणायचे. जून २०२४ ला तिकडच्या सरकारनं पण लिटरला ३ रुपये वाढवले आणि ती मजा पण गेली. म्हणजे पक्ष कुठला का असेना, गाडीवाला दिसला की सगळ्यांना आपला दुभता जनावर वाटतो.

आता जुन्या गाडीकडं येतो, कारण खरी चिडचिड तिथं आहे.

आमची जुनी वॅगनआर दिवाळी २०१० ची. पंधरा वर्षं नोव्हेंबर २०२५ ला झाली. आप्पांनी ती गाडी पोटच्या पोरासारखी ठेवलीय, ऑइल वेळेवर, टायर वेळेवर, अजून एका सेल्फला चालू होते. ती विकायची नाही हे घरात आधीच ठरलंय, आप्पा आणि आई तिच्यातनं जोतिबाला जातात, बाजारात जातात, बास. तर पंधरा वर्षं झाली की आरसी रिन्यू करायला लागते, पाच वर्षांसाठी. आप्पांनी कपाटातनं प्लॅस्टिकची फाइल काढली, त्यात पहिल्या दिवसापासनंचे सगळे कागद, पंक्चरची बिलं सुद्धा. त्यात ती कराची पावती. आप्पांनी ती माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, "वाच."

"एकरकमी कर."

"एकरकमी म्हंजे एकदाच ना?"

मी म्हटलं हो आप्पा, तो टॅक्स एकदाच. आता जे आहे ते वेगळं आहे. मग एकेक सांगायला लागलो आणि सांगता सांगता माझाच आवाज बारीक होत गेला. आरसी रिन्यू करायची फी ५००० रुपये. एप्रिल २०२२ च्या आधी ती ६०० होती, सहाशे. केंद्रानं वाढवली. त्याच्यावर राज्याचा पर्यावरण कर, गाडी जुनी झाली म्हणून. त्याच्या आधी फिटनेस तपासून घ्यायचं. आणि ते सगळं करायच्या आधी नवीन नंबर प्लेट बसवायची, ती हाय सिक्युरिटीवाली, कारण गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची आहे. तिचे ७४५ आणि जीएसटी धरून ८७९. स्कूटरची वेगळी, ४५० आणि जीएसटी, ५३१. प्लेटला मुदत २०२५ ला आधी मार्चअखेर होती, मग एप्रिल, मग जून, मग १५ ऑगस्ट, मग ३० नोव्हेंबर. तारखा अशा पुढं जात होत्या की कोर्टातली केस वाटायला लागली.

आप्पा शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "पर्यावरण कर भरला की धूर कमी येतोय काय गाडीचा?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि अजून नाही. गाडी धूर सोडत असंल तर ती रस्त्यावर यायलाच नको, पीयूसीत नापास करा, घालवा भंगारात. आणि सोडत नसंल तर कर कशाचा? म्हणजे पैसे भरा आणि खुशाल धूर सोडा असं झालं हे. परत ऑगस्ट २०२५ ला केंद्रानं काढलंय, वीस वर्षांच्या वर गेलेल्या कारला रिन्यूची फी १०,०००. वॅगनआरला अजून पाच वर्षं आहेत त्याला. आप्पांना हे मी सांगितलेलं नाही, तब्येतीला बरं नाही.

(आरसीच्या ऑनलाइन माहितीत टॅक्सच्या पुढं ओटीटी लिहून येतं, वन टाइम टॅक्स. पोरीनं मोबाइलवर बघितलं आणि विचारलं, आपल्या गाडीवर पिक्चर दिसतात का. घरात एकटीच हसणारी तीच.)

संध्याकाळी राजारामपुरीतले काका आले, आप्पांचे धाकटे भाऊ, त्यांचा स्वतःचा छोटा हत्ती आहे, गुळाच्या ढेपा आणि भाजी नेतात. त्यांचं वेगळंच. त्यांना दुसरा टेंपो घ्यायचाय, तर जुलै २०२५ पासून साडेसात टनाच्या आतल्या मालगाड्यांना पण किमतीच्या ७ टक्के कर एकदम भरायचा असं केलंय. आधी वजनावर हिशेब असायचा. सहा लाखाचा टेंपो म्हणजे बेचाळीस हजार पहिल्या दिवशीच, अजून एक ढेप उचलली नाही तोवर. काका म्हणाले, "माझी डाउन पेमेंटला मारामार, आन ह्यांचं बेचाळीस आधीच बाजूला काढायचं." मग त्यांनी जो शब्द वापरला तो इथं लिहीत नाही, कोल्हापूरचे असाल तर तुम्हाला कळलाच असंल.

आणि मग नेहमीप्रमाणं गाडी टोलच्या आंदोलनावर आली. आमच्या घरात कुठलाही विषय काढा, अर्ध्या तासात टोल येतोच.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. कोल्हापूर शहरातले रस्ते करायचं काम एका खासगी कंपनीला दिलेलं, एकोणपन्नास साडेएकोणपन्नास किलोमीटर, २२० कोटीचा प्रकल्प, आणि बदल्यात तीस वर्षं टोल. हायवेवर नाही हं, शहराच्या वेशीवर, म्हणजे आपल्याच गावात शिरायला टोल. उचगावचा माणूस दवाखान्यात आला तरी टोल, शिरोलीचा कामगार घरी चालला तरी टोल. लोक भडकले. प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंदराव पानसरे पुढं, आणि मागं सगळं गाव, डावे उजवे, तालमीवाले, मंडळवाले, दुकानदार, रिक्षावाले, बायका. एन. डी. सरांचं वय तेव्हा ऐंशीच्या वर. त्या वयात माणूस उन्हात रस्त्यावर बसलाय म्हटल्यावर घरात कोण थांबणार. ऑक्टोबर २०१३ ला वसुली चालू झाली, जानेवारी २०१४ ला नाक्यांवर तोडफोड, जाळपोळ झाली, मग बंद, मग परत चालू, कोर्टकचेऱ्या, मोर्चे. फेब्रुवारी २०१५ ला पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या, ते गेले. टोल गेल्याचं त्यांना बघायला मिळालं नाही. डिसेंबर २०१५ ला सरकारनं टोल कायमचा रद्द केला.

आप्पा त्या सगळ्या मोर्चात होते. एसटीतनं ड्यूटी संपवून खाकी कपड्यातच यायचे. मी सव्वीस सत्तावीसचा, नवीन नोकरी, मी फोटो काढायला जायचो खरं सांगायचं तर. "देणार नाही, देणार नाही, टोल आम्ही देणार नाही" हे इतक्या वेळा ऐकलंय की झोपेत पण चाल आठवते. आणि आप्पांनी एकदाही दिला नाही. नाक्यावर गाडी उभी करायची, काच खाली करायची, म्हणायचं देणार नाही, आणि मागं कितीही हॉर्न वाजू देत, स्टिअरिंगवर हात ठेवून बसायचं. आई शेजारी कपाळाला हात लावून. शेवटी तो नाक्यावरचा पोरगाच कंटाळून दांडा वर करायचा, तो पण आपल्याच भागातला, त्याला पण घरी जायचं असायचं.

पण त्या दिवशी काका एक बोलून गेले ते डोक्यातनं जाईना. म्हणाले, "आपण दिला न्हाई खरं, पर कंपनीला पैसं कोण दिलं?" सरकारनं दिले. साडेचारशे कोटीच्या वर ठरले होते भरपाईचे. आणि सरकारकडं कुठनं आले? काका बोट दाखवत होते ते दाराबाहेर, स्कूटरकडं.

कारण पेट्रोल.

आमच्याकडं २०२५ ला पेट्रोल एकशे चारच्या आसपास होतं. त्यात राज्याचा २५ टक्के व्हॅट आणि वर लिटरमागं ५ रुपये १२ पैसे. (ते बारा पैसे मला फार आवडतात. कुणीतरी बसून हिशेब केलाय राव.) दोन्ही मिळून पंचवीसच्या आसपास राज्याला जायचे. केंद्राचं उत्पादन शुल्क बावीसच्या आसपास, एप्रिल २०२५ ला त्यात २ रुपये वाढवलेले, पंपावरचा दर हलला नाही म्हणून कुणाला कळलं पण नाही. कच्चं तेल स्वस्त झालेलं, त्याचा फायदा तुम्हाला मिळायच्या ऐवजी तिकडं वळवला, एवढंच. आणि त्या बावीसमधला बहुतेक भाग सेस आणि स्पेशल ड्यूटीच्या नावाखाली, म्हणजे राज्यांशी वाटून घ्यायला नको. मग राज्य म्हणतंय आम्हाला मिळत नाही म्हणून आम्ही आमचा वेगळा लावतो. दोघांचं भांडण आणि दोघांचं बिल आपल्याला.

आता त्या लिटरमागच्या अधिभाराची कहाणी ऐका. २०१५ ला मराठवाड्यात दुष्काळ पडला, पेट्रोल डिझेलवर लिटरला २ रुपये लावले. दुष्काळासाठी म्हटल्यावर कोण नाही म्हणंल, मी पण म्हटलो नसतो, द्यायलाच पाहिजेत. पुढच्या वर्षी पाऊस झाला, चांगला झाला. २ रुपये कुठं गेले? कुठंच नाही, तिथंच. मग २०१७ ला सुप्रीम कोर्टानं हायवेलगतची दारूची दुकानं बंद करायला लावली, सरकारचा महसूल बुडाला, तर एप्रिलमध्ये पेट्रोलवर ३ रुपये वाढवले. म्हणजे पिणारे पीत होते त्याचा कर बुडला तो न पिणाऱ्या गाडीवाल्याकडनं वसूल. आप्पा आयुष्यात थेंबाला शिवलेले नाहीत, त्यांना हे कळलं तेव्हा दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं. मग २०२० ला लॉकडाऊन, तिजोरी रिकामी, परत २ रुपये. मधे मधे कमी पण केले, नाही म्हणत नाही, ऑक्टोबर २०१७ ला २ रुपये, जुलै २०२२ ला नवीन सरकार आल्या आल्या ५ रुपये. पण शून्य कधी झाला नाही. दुष्काळ संपला, दारूची दुकानं बरीचशी परत उघडली, कोरोना गेला, आणि ५ रुपये १२ पैसे आहेत ते आहेतच. पाहुणा म्हणून आलेला माणूस रेशनकार्डात नाव घालून बसावा तसं.

मी आमच्या एका वकील मित्राला विचारलं, हे चालतं कसं? तर तो म्हणाला, अरे तुझा घोळ होतोय, टोल म्हणजे शुल्क, त्याच्या बदल्यात तुला काहीतरी दिलं पाहिजे, रस्ता दिला पाहिजे. कर म्हणजे कर, बदल्यात काही द्यायचं बंधन नाही, सगळं एका मोठ्या तिजोरीत जातं आणि तिथनं पगार, कर्जाचं व्याज, योजना, काय पाहिजे ते. तू रोड टॅक्स भरलास म्हणून तुझ्या दारातला खड्डा भरलाच पाहिजे असं कायद्यात कुठं नाही. नावात रोड आहे बास.

म्हणून मग लक्षात आलं की कोर्टात पण टोलचंच जमतं. ऑगस्ट २०२५ ला केरळ हायकोर्टानं त्रिशूरकडच्या पालियेक्करा नाक्यावरचा टोल तात्पुरता थांबवला, रस्त्याची दुर्दशा म्हणून, आणि सुप्रीम कोर्टानं पण तो निकाल उचलून धरला. वाचून बरं वाटलं. आमच्या पुणे हायवेवर किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर असे चार नाके, सहापदरीचं काम कधीपासनं चालू, डायव्हर्जन असे की गाडी चालवतोय का म्हशी वळवतोय कळत नाही, तरी फास्टॅग टुंग करून वाजतोच. २०२५ ला ३००० चा वर्षाचा पास काढला मी, दोनशे फेऱ्यांचा, तो मात्र खरंच फायद्याचा आहे, सरकारनं चांगलं केलं तर चांगलं म्हणावं. फक्त तो मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेला चालत नाही, तिथं ३२० वेगळे.

मुंबईच्या वेशीवरचे पाच नाके छोट्या गाड्यांना माफ झाले ते १४ ऑक्टोबर २०२४ ला. विधानसभेची निवडणूक जाहीर झाली १५ ऑक्टोबरला. मी काही बोलत नाही, तुम्हीच बघा कॅलेंडर.

मुद्दा हा की नाका दिसतो. दांडा दिसतो, पावती फाडणारा दिसतो, रांग दिसते, राग कुठं काढायचा ते कळतं. माणूस गाडीतनं उतरून म्हणू शकतो की देणार नाही. पेट्रोलच्या नळीतला नाका कुणाला दिसतोय? पंपावरच्या पोराला जाऊन सांगा बघू, की बाबा मला सत्तावन्नच्या भावानं दे, सरकारचे मी देणार नाही. तो हवा पण भरून देणार नाही. शोरूममध्ये म्हणा रोड टॅक्स भरणार नाही, गाडीच पासिंग होणार नाही. तिथं ना मोर्चा काढता येतो ना दांडा मोडता येतो. म्हणून तर सगळं हळूहळू तिकडं सरकवलंय असं आपलं माझं मत, पुरावा नाही. आप्पांना हे पटत नाही. ते म्हणतात, लोकांनी मनात आणलं तर पंपावर पण होईल. कसं होईल ते सांगत नाहीत. काका म्हणतात, "दादा, आता एन. डी. सर कुठनं आणायचं?" सर पण २०२२ च्या जानेवारीत गेले. त्यावर आप्पा गप्प.

बायकोचं म्हणणं असं की एवढं लिहीत बसण्यापेक्षा वॅगनआरचं काम उरकून टाका. तिचं बरोबर आहे. प्लेट बुक केलीय, फीचे पैसे बाजूला काढलेत. आप्पांनी पाच हजार स्वतःच्या पेन्शनमधले दिले, मला देऊ दिले नाहीत. पावती मात्र मागून घेणार म्हणाले, फाइलला लावायला.

काल नव्या गाडीतनं आप्पांना घेऊन शिरोलीकडं गेलो होतो, एका पाहुण्यांकडं. येताना जुना टोलनाका होता ती जागा आली. आता तिथं काही नाही, रस्ता जरा रुंद आहे एवढंच, नवीन माणसाला सांगितल्याशिवाय कळणार नाही. आप्पा दर वेळी तिथं आलं की सीटवर जरा सावरून बसतात आणि म्हणतात, "हितं न्हाई दिला आपण." काल पण म्हणाले. मी हो म्हटलं.

पुढं पंपावर सीएनजीला रांग होती, आमच्या पुढं चौदा गाड्या. पाऊण तास गेला. नंबर आला, आम्ही खाली उतरून उभारलो, पोरानं नळी लावली, काटा फिरला, थांबला. मी विचारलं किती झाले, तो म्हणाला पाचशे साठ. मी मोबाइल काढला तर नेमकी रेंज नाही, स्कॅनर नुसता फिरतोय. मागनं हॉर्न चालू झाले.

आप्पांनी खिशातनं पाकीट काढलं, पाचशेची एक आणि शंभरची एक नोट माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "दे."